जुन्या चाळीत वायरिंगचं काम: आधी जुनी वायर बघा

आयटीआयला वायरमन ट्रेडची दोन वर्षं लाकडी बोर्डावर वायरिंग शिकलो. नवी वायर, नवे स्विच, सगळं डोळ्यांसमोर. हेल्पर म्हणून पहिलं मोठं काम मिळालं ते गिरगावातल्या एका लाकडी चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. गीझरचा पॉइंट काढायचा, एवढंच. २.५ चौरस मिमीची नवी वायर ओढली, १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं आणि जुन्या बोर्डाला जोडून दिलं. दोन दिवसांनी आजींचा निरोप आला, "भिंतीकडून जळल्यासारखा वास येतोय, येऊन बघ रे."

माझी वायर गारच होती. मिस्त्रींनी मेन बंद करून जिन्याकडचं केसिंग-कॅपिंग, म्हणजे वायर झाकणारी लाकडी पट्टी, उकललं. आत मीटरपासून आलेली जुनी रबरी वायर, वर कापडाचं आवरण. बोट लावलं की रबराची भुकटी. मध्येच एक जॉइंट, नुसता पिळून वर पट्टी गुंडाळलेला. त्याखालचं सागवान कोळसा झालं होतं. मिस्त्री मला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, का पडला नाही हे मला तेव्हा कळेना. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो. लूज जॉइंटचा रोध अर्धा ओहम धरा: त्या एका टिचभर जागेत सुमारे ३८ वॉट उष्णता. म्हणजे लाकडी पेटीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून झोपण्यासारखंच. जॉइंट तापला म्हणून करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. मग एमसीबी पडेल कशाला? आरसीसीबी हा दुसरा सुरक्षा-स्विचही करंटची गळती असेल तरच पडतो. "नवा एमसीबी लावलाय, आता चिंता नाही" असं गिऱ्हाइकाला सांगणारे वायरमन मी आजही बघतो.

तेव्हापासून नवा पॉइंट कुठे काढायचा हे मी नंतर बघतो. आधी मीटरपासून घरापर्यंतची वायर कुठली, किती जाडीची, हे पाहतो. सगळी उपकरणं काढून, दिवे उतरवून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र, लावतो. १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर त्या वायरवर गीझर नाही की एसी नाही. टीव्ही लावलेला ठेवून मेगर मारू नका, भरपाई खिशातून जाते.

किटकॅट, म्हणजे जुना चिनी मातीचा फ्यूज, उघडून बघाच. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी वायरीचा जाड तार पिळून घातलेला असतो. मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळते. काही जुन्या मेनमध्ये न्यूट्रललाही फ्यूज असतो. तो उडाला की दिवा विझतो, पण फेज जिवंतच. त्यामुळे दिवा गेला म्हणून हात घालायचा नाही, टेस्टर लावून बघायचं.

पोटमाळ्यावर ड्रिल मारताना भुसा, जळमटं, उंदरांनी ओढून आणलेल्या चिंध्या आधी झाडून घ्या. काम संपल्यावर मी अर्धा तास तिथेच बसतो. चहा मागवतो, बोर्डाच्या झाकणाला हाताची पालथी बाजू लावून बघतो.

सगळ्यात अवघड भाग पैशांचा. "पन्नास वर्षं चाललंय, तुम्हीच घाबरवता" हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकाल. मागे एकांनी मीटरपासूनची वायर बदलायला नकार दिला. गीझर भिंतीवर टांगून दिला, जोडला नाही. ते चिडले, मजुरीतले पाचशे कापले. आठवड्याने फोन आला, पाचशे परत देतो म्हणाले आणि वायरीचा भाव विचारला.