महापालिकेचा ठराव सभागृहात जायच्या आधी कसा पकडायचा

जुनी दगडी शाळा, मंडई नाहीतर वाचनालय पाडून तिथे व्यापारी संकुल होणार अशी कुणकुण लागली की ग्रुपवर लगेच सल्ले सुरू होतात. सह्यांची मोहीम काढा, मेणबत्त्या लावा, महापौरांना निवेदन देतानाचा फोटो टाका. करा की, कोण अडवतंय. पण तुम्ही सह्यांचा गठ्ठा नेऊन देता तोवर विषय तीन-चार टेबलं पार करून गेलेला असतो आणि सभागृहात त्याच्यावर 'मान्य, मान्य' एवढंच ऐकू यायचं बाकी असतं. त्याला गाठायचं तर त्याआधी, कागदावर.

खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या महापालिकांबद्दल. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, बाकीच्यांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, नगरपालिकांना १९६५ चा. कलमांचे नंबर बदलतात, चाल तीच. मी नंबर देतोय ते १९४९ च्या कायद्याचे.

वास्तू कोणाच्या यादीत आहे

केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या, राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या की नुसत्या शहराच्या हेरिटेज यादीत, हे आधी बघा. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर त्याच्याभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे महापालिकेला एकटीला फार काही करता येत नाही. बहुतेक वाडे, शाळा, मंडया मात्र शहराच्या यादीत असतात, ग्रेड एक, दोन किंवा तीन. ही ग्रेडची पद्धत मुंबईत १९९५ च्या हेरिटेज नियमावलीने आली आणि मग बाकी शहरांनी आपापल्या नियमावलीत घेतली. यादीत नाव आहे म्हणजे इमारत वाचली असं समजून घरी बसू नका, शहराची हेरिटेज समिती फक्त सल्ला देते आणि परवानगीवर सही आयुक्तांची असते.

अजेंडा मिळवा

नगरसचिव कार्यालयात किंवा वेबसाइटवर मिळतो. कुठे त्याला कार्यपत्रिका म्हणतात, कुठे विषयपत्रिका. स्थायी समितीचा (पैशाचे विषय मंजूर करणारी नगरसेवकांची छोटी समिती) आणि महासभेचा (सगळ्या नगरसेवकांची सभा), दोन्ही घ्या.

विषयपत्र वाचणं, इथेच सगळं आहे

अजेंड्यावर विषयाची एकच ओळ असते, 'अमुक इमारतीबाबत मा. आयुक्त यांचे पत्र' एवढीच. त्या ओळीवरून मत बनवणारे लोक मला कळतच नाहीत. तिच्यामागे प्रशासनाचा आख्खा प्रस्ताव असतो, त्याला कोणी विषयपत्र म्हणतं कोणी डॉकेट, आणि तो हातात आल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. मिळत नाही म्हणाले तर ओळखीच्या नगरसेवकाकडून घ्या, त्यांना तो अजेंड्याबरोबर जातोच, अर्धे जण उघडत नाहीत हा भाग वेगळा.

पहिल्यांदा हा कागद वाचला की काहीच कळत नाही, मलाही कळायचं नाही, कारण सुरुवातीची दोन पानं इतिहास, पत्रांचे जावक क्रमांक आणि 'संदर्भ' ह्यातच जातात. म्हणून मी आता उलटं वाचतो. आधी शेवटचा परिच्छेद, जो 'सबब' किंवा 'तरी' ने सुरू होतो आणि 'मान्यतेस्तव सादर' ने संपतो. सभागृह ज्याला हो म्हणणार आहे तो मजकूर एवढाच, वरचं सगळं प्रास्ताविक. त्यात 'व त्या अनुषंगाने येणाऱ्या सर्व बाबींना मान्यता' किंवा 'पुढील कार्यवाहीचे अधिकार मा. आयुक्त यांना' असं दिसलं की लाल पेन काढायचं. दुरुस्तीच्या नावाने आणलेला विषय ह्या एका वाक्यातून पाडकामापर्यंत जाऊ शकतो आणि तो पुन्हा सभागृहापुढे यायची गरजही उरत नाही.

मग जोडपत्रं बघा. हेरिटेज समितीचा अभिप्राय जोडलाय, की 'अभिप्राय मागविण्यात येत आहे' असं लिहून पुढे गेलेत? विधी विभागाचं मत, मुख्य लेखा अधिकाऱ्यांचा शेरा आहे का? नसलेल्या कागदांची यादी करा, तुमच्या हरकतीचा निम्मा मजकूर तिथेच मिळतो. तारखाही ताडून बघा, कारण स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची, तारीख नव्या इमारतीसाठी आर्किटेक्ट नेमल्याच्या नंतरची असेल तर पाडायचं आधी ठरलं आणि कारण मागून आलं, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

आता ते ऑडिट. इमारत 'धोकादायक' ठरली की कलम २६४ खाली नोटीस काढून ती उतरवता येते आणि मग वारसा वगैरे चर्चा थांबते, जीवाचा प्रश्न आला की सगळे गप्प बसतात, बसायलाच हवं. म्हणून ऑडिटचा शेवटचा निष्कर्ष वाचून घाबरून जाऊ नका, आत कोणत्या टेस्ट केल्यात ते बघा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी ह्या काँक्रीटच्या चाचण्या आहेत. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती आणि सागवानी तुळया असलेल्या इमारतीचं वय-बळ त्यातून काय कळणार? तरी अशा इमारतींच्या अहवालात ह्याच चाचण्यांचे तक्ते लावलेले सापडतात. दगडी-लाकडी बांधकामात बघायचं असतं ते तुळयांची टोकं भिंतीत कुजलीत का, वाळवी कुठवर गेलीय, ओल कुठून येते, भिंत ओळंब्यात म्हणजे सरळ उभी आहे का आणि तडा जुना आहे की वाढतोय. तडा वाढतोय का हे बघायला त्याच्यावर काचेची पट्टी बसवून काही महिने लक्ष ठेवतात, हलला तर काच तडकते, इतकं साधं आहे ते. अहवालात ह्यातलं काही नसेल तर हरकतीत लिहा की चाचण्या ह्या बांधकामाला लागू नाहीत, जुन्या बांधकामाची जाण असलेल्या कन्झर्वेशन इंजिनिअरकडून फेरतपासणी करा आणि तोवर टेकू देऊन आत वावरणारी माणसं हलवा. हे शेवटचं वाक्य गाळू नका. माणसांच्या सुरक्षेबद्दल न बोलता नुसतं इमारत वाचवा म्हणालात तर तुमचं कोणी ऐकणार नाही, आणि बरोबरच आहे ते.

ओलीबद्दल एक, जाता जाता. चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि भिंत आतून सुटायला लागते. अशी 'दुरुस्ती' पूर्वी झाली असेल तर तिची बिलं मागा.

पैसा कुठून येतोय

विषयपत्रात 'आर्थिक तरतूद' असं कलम असतं, त्यात लेखाशीर्ष म्हणजे बजेट हेड दिलेला असतो. तो घेऊन अंदाजपत्रकाचं पुस्तक उघडा. लोक पुढच्या वर्षीची तरतूद बघतात आणि खूश किंवा नाराज होतात, तो कॉलम सगळ्यात कमी कामाचा. बघायचा तो मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. इमारतीच्या देखभाल-दुरुस्तीच्या हेडवर दरवर्षी रक्कम दाखवलीय आणि प्रत्यक्ष खर्च जवळजवळ शून्य, असं सलग चार-पाच वर्षांचं सापडलं तर तुम्हाला खरी गोष्ट सापडली. कौलं बदलली नाहीत, पन्हळी साफ केल्या नाहीत, पाणी तुळयांत गेलं, आणि आता तीच इमारत धोकादायक म्हणून पाडायला काढलीय. माझ्या मते जुनी इमारत ठरावाच्या दिवशी मरत नाही, ती त्या रिकाम्या कॉलममध्ये मरते. हे आकडे हरकतीत तक्ता करून टाका, विशेषणं नकोत.

ती न खर्चलेली रक्कम जाते कुठे? बहुतेक वेळा वर्गीकरणात. एका हेडची रक्कम वर्षाच्या मधे दुसरीकडे वळवायची त्याला वर्गीकरण म्हणतात, त्याचे प्रस्ताव वर्षभर येत राहतात आणि अंदाजपत्रकाच्या भाषणावर तावातावाने बोलणारे त्या बैठकींकडे फिरकत नाहीत. प्रत्येक अजेंड्यात 'वर्गीकरण' शब्द शोधा आणि 'कोठून' च्या रकान्यात आपली इमारत, आपली पाण्याची लाइन, आपल्या प्रभागाचा दवाखाना आहे का बघा. कचरा, पाणी, रस्ते, सगळ्याला हेच लागू आहे.

आणि एक रुपया किंवा अशीच नाममात्र रक्कम टाकून उघडलेला हेड दिसला तर तो विसरून टाकलेला नसतो, पुढे त्यात पैसे वळवता यावेत म्हणून दार उघडं ठेवलेलं असतं.

हरकत

एक पान. विषय क्रमांक, बैठकीची तारीख, तीन मुद्दे, शेवटी एक ठोस मागणी. 'विषय तहकूब ठेवून अमुक अहवाल मागवावा' ही मागणी झाली, 'योग्य ती कार्यवाही व्हावी' ही मागणी नाही, त्यावर योग्य ती फाइल होते. प्रत नगरसचिव, आयुक्त आणि हेरिटेज समिती तिघांना, आणि आवकच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

विकास आराखड्यातलं जागेचं आरक्षण बदलायचं असेल तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची जाहीर नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. तिथे सह्यांचा एक गठ्ठा देण्यापेक्षा प्रत्येकाने वेगळा अर्ज द्या, आणि प्रत्येक अर्जात सुनावणीला हजर राहायचंय असं लिहा.

कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकार. दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, ही आपल्या राज्याची अट आहे. प्रती मागत बसू नका, फाइलची पाहणी मागा, अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलेल्या टिपण्या तिथे वाचायला मिळतात. पण उत्तराला ३० दिवस असतात, बैठक परवा असेल तर ह्याच्या भरवशावर राहू नका.

बैठकीच्या दिवशी

तुम्हाला बोलता येत नाही, नगरसेवकालाच येतं. म्हणून त्याला भाषण देऊ नका, उपसूचना म्हणजे प्रस्तावात करायचा बदल लिहून द्या, सूचक-अनुमोदकाची जागा सोडून, टाइप करून. स्थायी समितीत सोळा जण असतात आणि दरवर्षी निम्मे बाहेर पडतात, तेव्हा गेल्या वर्षी शब्द दिलेला माणूस अजून आत आहे का हे आधी बघा.

दोन गोष्टींवर कान ठेवा. एक, समोरून येणारी उपसूचना. मूळ विषय निरुपद्रवी आणि 'उपसूचनेसह मान्य' मधली उपसूचना भलतीच, असं होतं, आणि ती कोणी वाचूनही दाखवत नाही. दुसरं, आयत्या वेळचे विषय, जे अजेंड्यावर नसतातच. त्यामुळे आपला विषय अजेंड्यावर नाही म्हणून बैठक चुकवू नका. निवडून आलेले नगरसेवक नसून प्रशासक असेल तर तेवढंही नाही. २०२२ मध्ये नगरसेवकांच्या मुदती संपल्यावर कित्येक महापालिकांत वर्षानुवर्षं तसंच होतं, आयुक्तच प्रस्ताव आणणार आणि तेच मान्य करणार. अशा काळात हरकत विषयपत्र तयार होतानाच खात्याच्या टेबलावर गेली पाहिजे.

नंतर

दप्तरी दाखल झाला तर विषय त्या स्वरूपात संपला. तहकूब झाला तर काहीही संपलेलं नाही, तो कधीही परत येतो. मान्य झाला तर ठराव क्रमांक आणि सही-शिक्क्याची प्रत घ्या, पुढच्या बैठकीत कायम होणारं इतिवृत्त त्याच्याशी ताडून बघा. ठराव कायद्याविरुद्ध वाटत असेल तर कलम ४५१ खाली राज्य सरकार तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं, नगरविकास खात्याला अर्ज करा आणि पोच घेतलेली ती जुनी हरकत सोबत जोडा. कोर्टात जायची वेळ आली तर वकील पहिल्यांदा तीच पोच मागतो.