दोन एजंटांनी आपसात बोलायचे नियम कसे लिहावेत

एजंट म्हणजे आपल्या वतीने कामं उरकणारे सॉफ्टवेअर प्रोग्रॅम. "दोन्ही एजंट हुशार आहेत, समजून घेतील एकमेकांना" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एजंट बोलतात छान. पण पैसे कोणाचे, काम कोणी कबूल केलं आणि कधी, हे नियमातच लिहिलेलं असावं लागतं.

सगळं शून्यापासून शोधू नका. काम वाटून देण्याचा कॉन्ट्रॅक्ट नेट प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम) संगणकशास्त्रज्ञ रीड स्मिथ यांनी १९८० साली मांडला. पुढे एजंटांसाठी मानकं ठरवणाऱ्या फिपा या संस्थेने तो प्रमाणित केला. तोच घ्या. मेसेजचे प्रकार मोजकेच ठेवा: प्रस्ताव मागवणे, प्रस्ताव, नकार, स्वीकार, अस्वीकार, काम झालं, काम फसलं. प्रकार वेगळ्या फील्डमध्ये जाऊ द्या. तो मजकुरातून ओळखायला लावू नका.

पाठवणारा, घेणारा, संवादाचा क्रमांक, मेसेजचा क्रमांक, उत्तराची मुदत: ही फील्ड सक्तीची.

आता खरी अवघड जागा. उत्तर आलंच नाही तर?

मी इथेच आपटलो होतो. माझ्या एजंटने पुठ्ठ्याच्या ५०० खोक्यांसाठी प्रस्ताव मागवले आणि एकाला स्वीकार पाठवला. स्वीकार पोचला, पण त्याची पोच परत येताना नेटवर्क तुटलं. ३० सेकंदांनी एजंटने तोच स्वीकार नव्या क्रमांकाने पाठवला. पुरवठादाराच्या एजंटने ती दुसरी ऑर्डर धरली आणि दारात १,००० खोकी उतरली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नियम मी लिहिला होता.

तेव्हापासून हे मी कधीच सोडत नाही. गप्प बसणं म्हणजे नकार नाही आणि होकारही नाही. रिट्राय, म्हणजे तोच मेसेज पुन्हा पाठवणं, जुन्याच मेसेज क्रमांकाने करायचा. घेणाऱ्याने उत्तर दिलेले क्रमांक जपून ठेवायचे. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. मुदत "३० सेकंदांत" अशी लिहू नका, कारण मेसेज रांगेत अडकला की सेकंद कुठून मोजायचे यावर दोघांचं एकमत होत नाही. तारीख, वेळ आणि टाइमझोन लिहा. मुदत टळल्यावर आलेला प्रस्ताव कारण देऊन नाकारा. नुसता गिळून टाकू नका.

"समजलं नाही" हा मेसेज ठेवा, पण "समजलं नाही"ला "समजलं नाही" असं उत्तर द्यायला सक्त मनाई. नाहीतर दोघं रात्रभर तेच एकमेकांना पाठवत बसतात.

गूगलने एप्रिल २०२५ मध्ये आणलेला ए-टू-ए हा एजंटांच्या संवादाचा प्रोटोकॉल वापरलात तर कामाच्या अवस्था आयत्या मिळतात: चालू, माहिती हवी, पूर्ण, फसलं. तरी तोच मेसेज दुसऱ्यांदा आला तर काय करायचं, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

लॉग, म्हणजे प्रत्येक मेसेजची नोंद, ठेवा.

शेवटी चाचणी. स्वीकार पोचल्यावर पोच मुद्दाम अडवा, रिट्राय होऊ द्या आणि डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या टेबलमध्ये ओळी मोजा. एकच निघाली पाहिजे.