पिवळा-हिरवा घालताय? या चुका टाळा

भाचीच्या हळदीला मी हौसेनं लिंबू रंगाची साडी आणि पोपटी ब्लाउज घातला. मांडवात पाय ठेवला तशी मावशी म्हणाली, "काहून वं, पिवळी मारबत आज मे महिन्यातच निघाली का?" 1885 पासून तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, वाजतगाजत काढून शेवटी जाळतात तो पुतळा म्हणजे पिवळी मारबत. नागपुरात यापेक्षा स्पष्ट अभिप्राय मिळत नाही.

खरं तर ही जोडी आपल्या घरचीच. हळदीची पिवळी साडी आणि हातात हिरवा चुडा कधी खटकतो का? माझं चुकलं ते इतकंच, की दोन्ही रंग सारखेच उजळ होते. दिवसाउजेडी आपल्या डोळ्याला सगळ्यात लख्ख दिसतो तो पिवळसर हिरवा, 555 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जवळपास आपला पोपटीच. त्याच्या शेजारी लिंबू आला की दोघं मिळून ओरडतात आणि चेहरा हरवतो. दोघांतला एक गडद हवा. लिंबूवर गर्द मेंदी घ्या, हळदीवर बाटली हिरवा. पोपटी सोडवतच नसेल तर बारीक काठापुरता ठेवा.

शंका असेल तर दोन्ही कापडं एकत्र धरून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन्हीचा राखाडी एकसारखा दिसला तर एक बदला.

दुसरी चूक दुकानातच होते. गांधीबागेच्या कापडबाजारात ट्यूबलाइटखाली साडीला तंतोतंत जुळलेला ब्लाउज पीस घरी अंगणात येईपर्यंत वेगळाच दिसतो. दोन्हींचे रंग वेगळ्या रसायनांचे असतात, म्हणून एका उजेडात जुळलेले दुसऱ्या उजेडात फाटतात. कापड दारात नेऊन बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. कार्यक्रम रात्रीचा असेल तर मात्र पिवळ्या बल्बखाली पाहा. तिथे फिकट लिंबू चक्क साय दिसतो.

मांडवाचं छत पिवळ्या कापडाचं करू नका. उन्हापासून आडोसा हवा हे कबूल, पण त्यातून गाळून आलेला उजेड खाली बसलेल्या सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दाखवतो. हिरव्या कापडाखाली तर आणखी वाईट. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यात पिवळेपणा कमी केला की मांडवाबाहेरचं सगळं निळं पडतं. छत पांढरं ठेवा. पिवळं काम झेंडूच्या माळांना आणि हिरवं केळीच्या खांबांना करू द्या.

आता पत्रिका आणि फ्लेक्स. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे कागद वाया. वेबसाइटवर सहज वाचता यावं म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 इतका फरक असावा असा संकेत आहे. शुद्ध पिवळा आणि पांढरा यांच्यात तो जेमतेम 1.07 भरतो. तोच पिवळा गर्द हिरव्यावर टाका, सातच्या आसपास जातो. पिवळा गडद करायला त्यात काळा मिसळू नका, शेवाळ येतं. थोडा तांबडा मिसळा, मोहरीकडे जाईल.

एकदा फोनवर झळझळणारा पोपटी फ्लेक्सवर उकडलेल्या पालकासारखा उतरला आणि मी छपाईवाल्याशी कचाकचा भांडले. दोष निम्मा माझाच होता. पडद्यावरचा पोपटी उजेडाचा असतो. छपाईच्या चार शाईंत तो बसतच नाही. आता आधी वीतभर नमुना छापून घेते, मगच दहा फुटांचा फ्लेक्स.

त्या लिंबू साडीवर हळदीचा हात लागलाच होता. घरी येऊन साबण लावला तर डाग लालभडक! घाबरू नका, साबणाच्या क्षारानं हळद लाल होतेच. भरपूर पाण्यानं खळबळा आणि उलटी करून उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो. फक्त डाग गेला की लगेच आत आणा, नाहीतर नागपूरचं ऊन साडीचा लिंबूही घेऊन जाईल.