डिस्कस, आर्ग्यू, डिबेट: बोलताना या चुका टाळा

लातूर-नांदेडची पोरं क्लासमध्ये इंग्रजी व्याकरण घोटून घोटून पाठ करतात आणि मुलाखतीत पहिल्याच वाक्यात 'वी डिस्कस्ड अबाउट द टॉपिक' म्हणून बसतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक हीच. 'डिस्कस' या क्रियापदाला 'अबाउट' लागत नाही. 'वी डिस्कस्ड द टॉपिक', झालं. आपण 'पाण्याबद्दल चर्चा केली' म्हणतो, तो 'बद्दल' नकळत इंग्रजीत शिरतो. त्यात 'टॉक अबाउट' बरोबर, 'अ डिस्कशन अबाउट'ही बरोबर, म्हणून गोंधळ वाढतो. आणि विषय गाळू नका: 'आय डिस्कस्ड विथ माय फादर' अर्धवट राहतं, 'आय डिस्कस्ड इट विथ माय फादर' म्हणा.

'आर्ग्यू'ची गल्लत याहून महागात पडते. ग्रुप डिस्कशन कसं झालं, या प्रश्नाला 'आय आर्ग्यूड विथ एव्हरीवन' असं उत्तर दिलं, की समोरच्याला वाटतं हा सगळ्यांशी भांडून आला. माणसापुढे 'विथ' आलं की बहुतेक वेळा हुज्जतीची छटा येते. 'आर्ग्यू दॅट' म्हणजे मात्र कारणं देऊन मुद्दा मांडणं: 'आय आर्ग्यूड दॅट ड्रिप सेव्ह्ज वॉटर'. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात वकील रोज केस 'आर्ग्यू' करतात, तो युक्तिवाद असतो. इतका कामाचा शब्द घाबरून सोडून देऊ नका.

'डिबेट' आणि 'निगोशिएट' यांतला फरक जायकवाडीवरून चटकन कळेल. वरच्या धरणांतून पाणी सोडावं की नाही, यावर नगर-नाशिक एका बाजूला, मराठवाडा दुसऱ्या बाजूला, आणि सभागृहात दोघेही आपापली बाजू लावून धरतात: ही डिबेट. तिथं तोडगा निघालाच पाहिजे असं नाही. तेच दोघं समोरासमोर बसून थोडं सोडून, थोडं घेऊन आकडा ठरवायला लागले, की ते 'निगोशिएट' करतात. रूमचं भाडं कमी करून घ्यायचं असेल तर 'निगोशिएट द लँडलॉर्ड' नको, 'निगोशिएट द रेंट विथ द लँडलॉर्ड' म्हणा.

सल्ला घ्यायचा असेल तर 'कन्सल्ट'. 'कन्सल्ट टू डॉक्टर' चूक, 'कन्सल्ट अ डॉक्टर' बरोबर. 'डेलिबरेट' हा भारदस्त शब्द निकालाआधी न्यायाधीशांनी किंवा समितीनं केलेल्या विचारविनिमयासाठी ठेवा, कट्ट्यावरच्या गप्पांना तो शोभत नाही. क्रियापद असताना त्याचा शेवट 'रेट' असा उच्चारतात. 'मुद्दाम केलेलं' या अर्थाचं विशेषण असेल तर 'रिट'.