फोटोच्या कडेला बसलेली मनी: घरच्या मांजरीचा अल्बम कसा करावा

रोलच्या काळात मांजरीचा फोटो मुद्दाम कोणी काढत नसे. ३६ फोटोंचा रोल बारशाला घातला की मुंजीपर्यंत पुरवायचा, त्यातला एक मनीवर कोण खर्च करणार? म्हणून मांजरीचे फोटो शोधत बसू नका. माणसांचे जुने फोटो बाहेर काढा आणि त्यांच्या कडा बघा. पाटाखाली, ओट्यावर, झोपाळ्याच्या कडीशी, आजीच्या नऊवारीच्या निऱ्यांपाशी ती निघते. साधं भिंग हाताशी ठेवा. टेबलाखालची काळी सावली पुष्कळदा शेपूट असते.

नाशकात हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून चिकट होतो आणि फोटो एकमेकांना धरतात. दिवाळीच्या आवराआवरीपासून शिमग्यापर्यंतचे कोरडे दिवस बरे. अल्बम वाड्याच्या ओलसर भिंतीला टेकलेल्या कपाटातून निघाला असेल तर दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी उघडा ठेवा. ऊन दाखवू नका, फोटो वळतात. बुरशी दिसली तर ती पूर्ण सुकू द्या आणि मग नाकाला फडकं बांधून, गॅलरीत, मऊ ब्रशने झाडा. ओल्या कापडाने पुसलं की बुरशीबरोबर चित्रही येतं.

प्लॅस्टिकच्या पारदर्शक पानाखाली चिकटवायचे अल्बम सगळ्यात छळतात. त्यातला गोंद पिवळा पडून घट्ट होतो. बिनमेणाचा डेंटल फ्लॉस फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. अडला तर थांबा आणि अख्खं पान स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर ओढूच नका. काचेसकट स्कॅन होतो.

त्याआधी निगेटिव्ह आहेत का ते बघा. मांजर कडेला असते आणि लॅब कडाच कापते. निगेटिव्हची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे तीनास दोन. ४ बाय ६ इंची प्रिंटमध्ये ती जवळपास पूर्ण बसते, पण साडेतीन बाय ५ इंचीत लांबीतले पावणेदोन मिलिमीटर जातात. ऐकायला थोडे वाटतात, पण अर्धी मनी तेवढ्यातच असते. निगेटिव्ह ३२०० डीपीआयला (एका इंचात तेवढे ठिपके) स्कॅन करा, प्रिंट ६०० ला. प्रिंट त्यापुढे नेण्यात फारसा अर्थ नाही, कारण कागदावर तेवढा तपशीलच नसतो. ४ बाय ६ चा ६०० डीपीआयचा रंगीत टिफ (तपशील न गमावणारी फोटो-फाइल) साधारण २५ एमबीचा होतो. शंभर फोटो अडीच जीबीत बसतात. काळा-पांढरा फोटोही रंगीत मोडवरच घ्या, डाग नंतर वेगळे करता येतात.

स्कॅनरमधलं धूळ-ओरखडे काढण्याचं बटण बंद ठेवा. सॉफ्टवेअरला मिशा ओरखड्यांसारख्या दिसतात आणि ते त्या पुसून टाकतं. जाळीदार पोताचा जुना कागद स्कॅनरखाली चमचमतो. असा फोटो खिडकीपाशी, थेट ऊन नसलेल्या उजेडात, फ्लॅश न मारता फोनने काढा. फोन फोटोला अगदी समांतर हवा.

फ्लॅशमध्ये मांजरीचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात, कारण डोळ्यातल्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो. रेड-आय, म्हणजे फ्लॅशमुळे माणसांच्या डोळ्यांत येणारा लाल ठिपका, काढणारं साधन लाल रंग शोधतं, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. हवं तर हाताने बाहुली गडद करा. आमच्या मते राहू द्यावेत. वाड्यातल्या अंधाऱ्या माजघरात ती तशीच दिसायची. फोटो झळझळीत करणारी एआय ॲप मात्र टाळा. ती ठिपके आणि पट्टे मनाने भरतात, आणि तयार होते ती शेजारच्यांची मांजर.

आता ओळख पटवायची. पुष्कळ घरांत वीस वर्षांत तीन मांजरी झाल्या आणि तिघींचं नाव मनीच. गळ्याखालच्या आणि पायमोज्यांच्या पांढऱ्या डागांची सीमा जन्मभर तीच राहते, तिच्यावरून जुळवा. डाग अचानक दुसऱ्या बाजूला दिसला तर मांजर वेगळी ठरवण्याआधी पदर कुठल्या खांद्यावर आहे आणि भिंतीवरची अक्षरं उलटी आहेत का ते बघा. लॅबमध्ये निगेटिव्ह उलटी लावलेली असू शकते. रंगीत फोटोतल्या पिल्लाचे डोळे निळे असतील तर ते बहुधा दोन महिन्यांच्या आतलं आहे.

सालासाठी मांजर सोडा, मागचं बघा. नाशकाच्या एमएच-१५ पाटीची स्कूटर असेल तर फोटो १९८९ नंतरचा. घाटावर सिंहस्थाची गर्दी असेल तर १९९१, २००३ किंवा २०१५ च्या आसपासचा. भिंतीवर कालनिर्णय दिसलं तर सोन्याहून पिवळं: नुसती तारीख-वारांची मांडणी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा येते, पण त्याच पानावर गणेश चतुर्थीची तारीख वाचता आली तर साल बहुतेक पक्कं होतं. फोटोवर छापलेल्या नारिंगी तारखेवर मात्र विसंबू नका. सेल बदलल्यावर कॅमेऱ्यात तारीख पुन्हा लावायची राहून जायची.

फाइलला नाव द्या: १९९१-०९_थोरली-मनी_ओटा_०१. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ लिहा.

छापताना मांजरीपुरता तुकडा फार मोठा करू नये. प्रिंटवर इंचभर असलेली मनी दोन इंचांपर्यंत बरी दिसते, पुढे फुटते. पूर्ण फोटो एका पानावर आणि दोन इंची तुकडा समोरच्या पानावर, अशी जोडी लावा. १५-२० जोड्या पुरेत. चिकटवायला गोंद नको, आम्लरहित कागद आणि फोटो कॉर्नर (फोटोचे कोपरे अडकवायचे कागदी खिसे) वापरा. मूळ फोटोच्या मागे, कडेला, २बी पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, जेलची शाई वरच्या फोटोला लागते. लिहायला बसाल तेव्हा आत्या-मावशींना शेजारी बसवा. ती कुणाच्या पांघरुणात झोपायची आणि दुधाचं पातेलं कुणी उघडं टाकलं होतं, हे भिंगातून दिसत नाही.