काना दोनदा उमटतोय? मेकॅनिकल कीबोर्डची निगा

इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत मराठी टाइप करणाऱ्याला कीबोर्डचं दुखणं आधी काना सांगतो. काना ई-च्या कीवर, हलन्त डी-वर. मराठीत या दोघींना उसंत नसते. 'काम' लिहिताना 'कााम' उमटलं आणि दुसरा काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकला, की त्या कीखालच्या स्विचच्या संपर्कपट्ट्या बिघडल्या समजा. आत पितळी रंगाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्यांच्यावर धूळ किंवा गंज बसला की एकाच दाबात त्या जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. साधारण ५ मिलिसेकंदांपर्यंतची थरथर कीबोर्ड सोडून देतो. जास्त झाली की दुसरं अक्षर.

सोलापुरात धूळ नुसती धूळ नसते. पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास तिच्यात सुताची लव असते आणि ती कीकॅपखाली दांड्याभोवती गुंडाळून बसते. त्यावर कडक भाकरीचा चुरा आणि शेंगाचटणीचं तेल पडलं की त्याचा लगदाच होतो. म्हणून आधी हवा मारू नका, लव स्विचमध्ये ढकलली जाते. वायर काढा, कीबोर्डचा फोटो घ्या, तारेच्या पुलरने (कॅप उपसण्याच्या चिमट्याने) कॅप सरळ वर ओढा, लव चिमट्याने उचला, मग कोरडा ब्रश आणि शेवटी कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको. टाकीतलं पाणी आणि तेल तिच्याबरोबर येतं.

कॅप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून अर्धा तास भिजवा. पाणी बोअरचं असेल तर शेवटची खंगाळणी पिण्याच्या पाण्याने करा, नाहीतर पांढरे डाग राहतात. टॉवेलवर पालथ्या पसरून २४ तास सावलीत सुकवा. टॉवेल घरोघरी आहेत, पण नव्या टॉवेलने कीबोर्ड पुसू नका. काढलेली लव परत येईल. त्यासाठी जुना, धुऊन विरलेला पंचा बरा.

आता दुबार अक्षर. कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल, म्हणजे स्विच डाखलेले (सोल्डर केलेले) नसून सॉकेटमधून ओढून काढता येत असतील, तर काहीही विकत घेण्याआधी ई-चा स्विच काढून क्वचित लागणाऱ्या स्क्रोल लॉकच्या जागी बसवा आणि तिथला ई-वर. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच खराब. ई-वरच राहिला तर सॉकेट किंवा डाख. बसवताना पिना चिमट्याने सरळ करा. वाकडी पिन आत दुमडते आणि की मुकी होते. सर्किट बोर्ड उघडा असेल तर मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर दाबाने ते उखडतं.

स्विच डाखलेला असेल तर दांडा दाबून धरा, फटीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, ४०-५० वेळा दाबा, तासभर सुकू द्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन आत चिकटून राहतं. अल्कोहोलने स्विचमधलं ग्रीसही थोडं धुतलं जातं, की किंचित खरखरीत वाटते. ते सहन करा. मागाचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडण्याचा मोह मात्र आवरा. तेलावर लव आणखी चिकटते. स्पेसबार खडखडत असेल तर दोष सहसा स्विचचा नसतो, तो स्टॅबिलायझरच्या, म्हणजे लांब की समतोल ठेवणाऱ्या तारेचा. तिच्या दोन्ही टोकांना तांदळाच्या दाण्याएवढं डायइलेक्ट्रिक ग्रीस पुरतं.

एकच की बंद असेल तर स्विच बघा, अख्खी रांग बंद असेल तर सर्किट बोर्डावरची वीजवाहक रेघ. सगळाच कीबोर्ड गप्प, पण दिवे चालू? यूएसबी-सी केबल फक्त चार्जिंगची असते, असं पुष्कळदा निघतं. विंडोजमध्ये उजवा शिफ्ट ८ सेकंद दाबला गेला तरी फिल्टर की (क्षणभर दाबलेल्या की सोडून देणारी सोय) सुरू होण्याचा घोळ होतो, तेही तपासा.

चहा सांडला तर फाइल सेव्ह करत बसू नका. आधी वायर ओढा, कीबोर्ड उलटा करा, कॅप काढा. नुसतं वाळवून भागत नाही. साखर आणि दूध आत राहतात, म्हणून ते स्विच अल्कोहोलने धुवावेच लागतात. मग पंख्याखाली ४८ तास. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवाल तर लांब स्पेसबार वाकण्याची भीती.