बारशाआधी नाव असं तपासा

कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर हजेरी घेतली. त्यामुळे बारसं ठरलं की भावकीतली मंडळी नाव घेऊन माझ्याकडं येतात. मी आधी ते आडनावासकट मोठ्यानं म्हणायला लावते. गौरी काळे, अमृता कडू. हसू आलं की पुढचं नाव. मग त्याचा मोडतोडीचा अवतार बघायचा. प्रकाशचा पक्या आणि सागरचा साग्या आपल्याकडं होणारच.

इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच दिवशी ठरवा. हृषीकेश असेल तर दाखला, आधार आणि शाळा तिन्हीकडं वेगळं पडतं, ते निस्तरण्यात बापाच्या रजा जातात.

जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर ठरतं, त्या नावरस अक्षराच्या फार मागं लागू नका. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो, हस्ताच्या तिसऱ्याला 'ण'. ठेवा बघू नाव! जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, हाकेचं वेगळं ठेवा. मोबाईलवर सापडलेल्या नावाचा अर्थही बघा. दिती ऐकायला गोड, पण ती दैत्यांची आई.

हे सगळं एक वेळ चालेल. नकोशी चालणार नाही.

दगडू, धोंडू, केरबा ही नावं ओबडधोबड, पण त्यात माया होती. मुलं जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव. नकोशी म्हणजे मुली पुरे झाल्या, आता मुलगा दे. वर्गात मास्तरांनी 'नकोशी' म्हणायचं आणि त्या पोरीनं 'हजर' म्हणायचं. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. सावित्रीबाई फुल्यांचं नायगावही आपल्याच जिल्ह्यातलं. हल्ली कुणी 'अंतिमा' सुचवतं, ती इस्त्री केलेली नकोशीच.

घरात कुणी असलं नाव पुढं केलं तर बाळंतिणीनं भांडत बसू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नावाचा रकाना मोकळा सोडता येतो. वर्षाच्या आत नाव फुकट चढतं, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंदवायला मात्र आईबापानं स्वतः जावं, दिरा-चुलत्याला पाठवू नये.

आणि आत्याला ठरलेलं नाव चिठ्ठीवर लिहून द्या. पाळण्याशी 'कुर्रर्र' करताना तिच्या तोंडून भलतंच निघालं, तर गल्लीत तेच चालू होतं.